अळंबीचा फोटो काढायचाय? मग आधी पोटावर झोपा

पावसाळ्यात आंबोली, ताम्हिणी कुठेही जा, कुजलेल्या ओंडक्यावर नाहीतर पालापाचोळ्यात कुत्र्याच्या छत्र्या दिसतातच, आणि आपण काय करतो तर उभ्याउभ्या वरून फोन धरून फोटो मारतो, घरी येऊन बघतो तर नुसतं पांढरं बटण. खरी गंमत छत्रीच्या खाली असते, त्या पातळ चुण्यांमध्ये, म्हणून लेन्स काठापेक्षा जरा खालीच पाहिजे. मी जुना रेनकोट अंथरून सरळ आडवा होतो (जळवा येतात, मिठाची पुडी जवळ ठेवा).

फ्लॅश नको, ओल्या टोपीवर पांढरा डाग पडतो. बिस्किटपुड्याचा चंदेरी कागद आतली बाजू वर करून जमिनीलगत धरा, चुण्या मस्त उजळतात. झाडीखाली सगळं हिरवट येतं, तर व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर न ठेवता ढगाळवर टाकून बघा. कॅमेरा असेल तर एफ 8 (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), आयएसओ 200 (उजेड किती पटकन टिपायचा ते), शटर एक सेकंदाचं झालं तरी चालतंय, अळंबी काय पळून जात नाही. ट्रायपॉड एवढा खाली जात नसेल तर पाव किलो तांदूळ भरलेली पिशवी खाली ठेवायची आणि 2 सेकंदांचा टायमर लावायचा. बारीक देठाची असेल तर वाऱ्याने डोलते, थांबायचं. फोकस पुढच्या काठावर.

आजूबाजूची साफसफाई जपून हं, मी एकदा एक काडी उचलायला गेलो आणि अख्खी छत्रीच उपटली, काडीला चिकटूनच उगवली होती ती.

रात्री चमकणारी बुरशी टिपायची असेल तर टॉर्चच्या उजेडात फोकस करून मॅन्युअलवर लॉक करा, टॉर्च बंद, एफ 2.8, आयएसओ 3200, 30 सेकंद, आणि अमावास्येच्या आसपास जा. अभयारण्य असेल तर वनखात्याला आधी विचारा. आणि फोटोवरून खायची की नाही ते ठरवू नका प्लीज.

जाळीचा झगा घातल्यासारखी अळंबी दिसली तर बाकी सगळं सोडून तिच्याकडे वळा, सकाळी उमलते आणि काही तासांत लोळागोळा. वास भयंकर असतो, माश्या त्याच्यावरच येतात. श्वास धरा, तसाही शटर दाबताना धरायचाच असतो.