उन्हाळी धानाची कणी कमी करायची, तर रात्रीचा हिशेब धरा

भंडारा-गोंदियाचा उन्हाळी धान भरडला की कणी जास्त पडते आणि बोल मिलवाल्याला लागतो. दाणा बिघडलेला असतो त्याच्या कितीतरी आधी, भरतानाच. दिवसा पानात तयार झालेली साखर पीक रात्री श्वसनात जाळतं. रात्र जितकी गरम, तितकी जास्त. शिवाय पिष्टाचे (स्टार्चचे) कण दाण्यात घट्ट बसत नाहीत, मधे हवा राहते. तेच पांढरं पोट, आणि दाणा तिथेच तुटतो.

मुख्य काम पेरणीच्या तारखेचं. निसवल्यानंतरचे, म्हणजे लोंबी बाहेर पडल्यानंतरचे, २० दिवस नाजूक. मार्चअखेर रात्री २०-२२ अंश असतात, मे महिन्यात २७च्या आसपास. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निसवेल असं मागे मोजा. १२० दिवसांचं वाण एरवी ९० दिवसांत निसवतं, थंडीत १५ दिवस जास्त धरा. म्हणजे पऱ्हे (रोवणीसाठीची रोपं) १०-१५ डिसेंबरला टाकायचे. थंडीला भिऊन जानेवारीत टाकले, तर दाणा मे महिन्यात भरणार. ‘थंडी गेली की टाका’ हा सल्ला ऐकूच नका. थंडीत पऱ्हे पिवळे पडतात, हे खरं. पण त्याला उपाय आहे. संध्याकाळी विहिरीचं कोमट पाणी भरा, सकाळी काढा. रात्री प्लॅस्टिक झाका, उन्हं आली की उचला. मे महिन्याच्या रात्रीवर मात्र झाकण नाही.

रोवणी, निंदण नेहमीसारखं. युरियाचा शेवटचा हप्ता पोटरीत, लोंबी अजून आत असताना.

दाणा भरताना बांधीत (धानाच्या वाफ्यात) ३-५ सेंटीमीटर पाणी ठेवा. दुपारभर तापलेलं पाणी संध्याकाळी सोडून नवं घ्या. नहराची पाळी आठवड्याने येत असेल तर हे जमत नाही. असलेलं पाणी मात्र आटू देऊ नका. दाणा भरण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या फवाऱ्याने रात्र थंड होत नाही.

कापणीच्या १० दिवस आधी पाणी तोडा. लोंबीतले ८०-८५ टक्के दाणे पिवळे झाले की कापा, ओलावा २०-२२ टक्के असताना. उभा वाळवला तर चांगला दाणाही तडकतो. ताडपत्रीवर पातळ पसरून, हलवत १४ टक्क्यांपर्यंत आणा. दुपारच्या तापल्या डांबरी रस्त्यावर नको.

मिलला नेण्याआधी १०० दाणे हाताने सोलून उजेडाकडे धरा. काचेसारखे किती, खडूसारखे किती, ते मोजा. खडू जास्त असेल तर कच्चा भरडू नका, उकडा करा, म्हणजे धान उकडून, वाळवून मग भरडा. उकडताना पिष्ट फुगून फटी भरतात आणि कणी घटते.