कॉलेज फुटबॉलच्या बाऊल सामन्याला जाताना: तिकीट, मुक्काम आणि स्टेडियमची तयारी

बाऊल सामना म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा नियमित हंगाम संपल्यावर निवडलेल्या दोन विद्यापीठांच्या संघांत होणारा सामना. त्याच्या प्रवासात पैशापेक्षा वेळ कमी पडतो. डिसेंबरच्या सुरुवातीला कॉन्फरन्सचे (विद्यापीठांच्या गटांचे) अंतिम सामने संपतात, लगेच रविवारी कोणता संघ कोणाशी, कोणत्या बाऊलमध्ये खेळणार त्या जोड्या जाहीर होतात, आणि त्याच तासाला दोन विद्यापीठांचे हजारो चाहते एकाच शहराची विमानं आणि हॉटेलं शोधायला बसतात. बहुतेक सामने तिथून दोन ते चार आठवड्यांवर असतात, तेही नाताळ आणि नव्या वर्षाच्या ऐन गर्दीत. त्यामुळे खरी तयारी त्या रविवारच्या आधी व्हायला हवी.

नियमित हंगामातल्या १२ पैकी ६ सामने जिंकले की संघ बाऊलसाठी पात्र ठरतो. सहावा विजय मिळाला की त्याच आठवड्यात आपल्या कॉन्फरन्सचे करार कोणत्या बाऊलशी आहेत ते बघा आणि संघाच्या कामगिरीवरून शक्य वाटणारी दोन-तीन शहरं निवडा. प्रत्येक शहरात एकेक खोली धरून ठेवा, मात्र मोफत रद्द करण्याची मुदत जोड्या जाहीर होण्याच्या रविवारनंतरची असेल तरच. ही तारीख हॉटेलागणिक वेगळी असते, आणि नव्या वर्षाच्या आसपास काही हॉटेलं किमान दोन-तीन रात्रींची अट घालतात. आरक्षणाच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात असलेला हा मजकूर पूर्ण वाचा. नको असलेल्या खोल्या रविवारी संध्याकाळीच सोडा. त्या दुसऱ्या कुठल्या तरी चाहत्याला हव्या असतात.

विमानासाठी अमेरिकेतला एक नियम फार उपयोगी पडतो. उड्डाणाला सात किंवा त्याहून जास्त दिवस असतील आणि तिकीट थेट विमान कंपनीकडून काढलं असेल, तर २४ तासांत ते रद्द करून पूर्ण पैसे परत मिळतात. म्हणून रविवारी जोडी कळताच तिकीट काढून टाका, आणि घरच्यांशी चर्चा, रजा, सोबत कोण येणार वगैरे सोमवारी दुपारपर्यंत मिटवा. उलट क्रमाने गेलात तर सोमवारी भाडं चढलेलं दिसेल. जवळचे इतर विमानतळही तपासा. रोझ बाऊलच्या पसाडेनासाठी लॉस एंजेलिसच्या मुख्य विमानतळापेक्षा बरबँक सोयीचं आहे, आणि ऑन्टॅरिओही चालतं. ऑरेंज बाऊलच्या मायामीसाठी फोर्ट लॉडरडेल, फिएस्टा बाऊलच्या ग्लेनडेलसाठी फिनिक्सला भाडं फारच असेल तर टूसॉन.

परतीचं विमान मात्र सामन्याच्या रात्रीचं कधीच घेऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं घ्या, आणि बदलता येणारं घ्या. १ जानेवारी २०२५ च्या पहाटे न्यू ऑर्लीन्सच्या बर्बन स्ट्रीटवर हल्ला झाला आणि त्या रात्रीचा जॉर्जिया विरुद्ध नोटर डेम हा शुगर बाऊल दुसऱ्या दिवशी दुपारी खेळवावा लागला. २६ डिसेंबर २०१८ ला डॅलसमध्ये बोस्टन कॉलेज आणि बॉइझी स्टेट यांचा सामना विजांमुळे पहिल्याच क्वार्टरमध्ये थांबला आणि पुन्हा सुरू झालाच नाही. २०२१ मध्ये सॅन डिएगोचा हॉलिडे बाऊल सुरू व्हायला काही तास उरले असताना यूसीएलएने कोव्हिडमुळे माघार घेतली, तेव्हा नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे चाहते तिथे पोहोचलेले होते. २०२४ मध्ये मार्शलने इंडिपेंडन्स बाऊलमधून अंग काढून घेतलं, कारण ट्रान्सफर पोर्टलमुळे (दुसऱ्या विद्यापीठात जाण्याच्या नोंदणीमुळे) खेळाडूच उरले नव्हते. असं दरवर्षी घडत नाही, पण घडलं की तिकिटाचे पैसे परत येतात, विमानाचे आणि हॉटेलचे येत नाहीत. शिवाय ‘पुढे ढकलला’ आणि ‘रद्द झाला’ यात तिकीट विक्रेते फरक करतात. पुढे ढकललेल्या सामन्याचा परतावा सहसा मिळत नाही.

तिकीट कुठून घ्यायचं? पहिला रस्ता आपल्या विद्यापीठाच्या तिकीट ऑफिसचा. प्रत्येक संघाला ठरावीक तिकिटं मिळतात आणि ती देणगीदार व हंगामाचं तिकीट असलेल्यांना प्राधान्याने जातात. इथली जागा सर्वांत स्वस्त असेलच असं नाही, पण ती आपल्या चाहत्यांमध्ये असते, बँडच्या जवळ असते, आणि त्या विक्रीचा हिशेब विद्यापीठाच्या खात्यावर दिसतो. बाऊलचे आयोजक संघ निवडताना चाहते किती प्रवास करतात हे बघतात, त्यामुळे या खरेदीला वजन आहे. फार घाई नसेल आणि सामना प्लेऑफचा (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीचा) नसेल, तर पुनर्विक्रीच्या बाजारात शेवटच्या दोन-तीन दिवसांत भाव बरेचदा उतरतात, कारण घेतलेली तिकिटं लोकांना कशीही काढायची असतात. पण संघ अनेक वर्षांनी मोठ्या बाऊलला आला असेल, तर भाव उतरण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. इंडियाना १९६८ नंतर थेट २०२६ मध्ये रोझ बाऊल खेळली. अशा वेळी चाहते किंमत न बघता येतात.

जोड्या जाहीर होण्याआधी पुनर्विक्रीला दिसणाऱ्या तिकिटांपासून लांब राहा. त्यातली बरीच विक्रेत्याच्या हातात अजून आलेलीच नसतात. सेक्शन आहे पण रांग आणि आसन क्रमांक नाही, हे त्याचं ठळक लक्षण. तसंच एखाद्या ठरावीक खेळाडूला बघायला म्हणून महाग जागा घेऊ नका. २०१६ च्या हंगामात लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री यांनी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या (खेळाडू निवडीच्या) तयारीसाठी बाऊल सोडला, आणि तेव्हापासून प्लेऑफबाहेरच्या सामन्यांत हे नेहमीचंच झालं आहे. संघाचा रंग बघायला जा, एका जर्सीसाठी नको.

आता स्टेडियम. यात नावाने फसगत होते, म्हणून आधी नकाशा उघडा. कॉटन बाऊल हा सामना २०१० पासून कॉटन बाऊल नावाच्या स्टेडियममध्ये होत नाही. ते जुनं स्टेडियम डॅलसच्या फेअर पार्कमध्ये आहे, आणि सामना आर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियममध्ये. तिथे रेल्वे जात नाही, त्यामुळे पार्किंगचा पास आधीच विकत घ्या. फिएस्टा बाऊल ग्लेनडेलला, म्हणजे फिनिक्सच्या मध्यवस्तीपासून बराच दूर, आणि लाइट रेल तिथपर्यंत पोहोचत नाही. वेस्टगेट भागातल्या हॉटेलातून मात्र चालत जाता येतं. ऑरेंज बाऊल मायामी गार्डन्समध्ये असल्याने साउथ बीचवर उतरणाऱ्यांची दुपार रस्त्यावर जाते. पीच बाऊल सगळ्यात सोपा: अटलांटाच्या विमानतळातूनच मार्टा या शहर रेल्वेची गाडी पकडायची, फाइव्ह पॉइंट्सला बदलायची आणि स्टेडियमपाशी उतरायचं. शुगर बाऊललाही गाडीची गरज नाही. फ्रेंच क्वार्टर किंवा बिझनेस डिस्ट्रिक्टमधून सुपरडोमपर्यंत पायी जा. पिनस्ट्राइप बाऊल ब्रॉन्क्सच्या यँकी स्टेडियममध्ये असतो, सबवेच्या ४, बी किंवा डी लाइनने १६१ स्ट्रीटला उतरा. ते स्टेडियम बेसबॉलसाठी बांधलेलं आहे, त्यामुळे बऱ्याच जागा मैदानाकडे तिरक्या असतात. आसन निवडताना त्या जागेवरून काढलेला फोटो बघून घ्या.

रोझ बाऊलबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे एका दिवसात दोन मोठे कार्यक्रम असतात. सकाळी ८ वाजता कोलोरॅडो बुलेवार्डवर साडेपाच मैलांची रोझ परेड निघते आणि दुपारी सामना. १ जानेवारीला रविवार आला तर दोन्ही २ तारखेला होतात. दोन्ही बघायचे असतील तर परेड मार्गाच्या सुरुवातीच्या टोकाजवळ बघा, म्हणजे ती तुमच्यासमोरून लवकर संपते. मेट्रोच्या ए लाइनने मेमोरियल पार्क स्टेशनला उतरा. ओल्ड पसाडेनातून स्टेडियमसाठी शटल सुटते, नाहीतर दोनेक मैल चालायचं. जाताना उतार आहे, येताना तोच चढ. गाडी आणलीत तर ती गोल्फ कोर्सच्या गवतावर लावावी लागते. पाऊस झाला असेल तर चिखल, आणि सामना संपल्यावर बाहेर पडायला एक तास सहज लागतो.

स्टेडियमची वाडगी उथळ आहे आणि एका सेक्शनमध्ये सत्तरहून जास्त रांगा आहेत. पहिल्या दहा-बारा रांगा टाळा. बाजूला उभे असलेले खेळाडू आणि कॅमेरे यांच्यामुळे समोरचं मैदान दिसत नाही. तिसाव्या रांगेच्या वरून खेळाची मांडणी नीट कळते. जागेवर जाण्याचे बोगदे जुने आणि अरुंद आहेत, म्हणून सामना सुरू व्हायच्या तासभर आधी आत असा, नाहीतर बँडचा कार्यक्रम बोगद्यातच ऐकावा लागेल. पूर्वेकडच्या बाजूला दुपारचं ऊन थेट डोळ्यांवर येतं, टोपी आणि गॉगल हवाच. पश्चिमेकडे ऊन पाठीमागून येतं. २०२५ पर्यंत सामना दुपारी २ ला सुरू व्हायचा, तेव्हा पाचच्या सुमारास सूर्य बुडू लागला की समोर सॅन गॅब्रिएलचे डोंगर आधी केशरी, मग गुलाबी, मग जांभळे होत जायचे. खाली सामना रंगात आलेला असायचा आणि तरीही स्टँडमधले फोन डोंगरांकडे वळायचे. ऊन उतरलं की गारठा झपाट्याने वाढतो. जाकीट कमरेला बांधून आणा.

सामन्याच्या दिवशीच्या गोष्टी थोडक्यात. पिशवी पारदर्शक हवी, जास्तीत जास्त १२ × ६ × १२ इंच. एक गॅलनची झिपची पिशवीही बहुतेक ठिकाणी चालते. अपारदर्शक पाकीट साडेचार × साडेसहा इंचांपेक्षा मोठं नको. तिकीट हॉटेलच्या वायफायवरच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या, गेटपाशी नेटवर्क कोलमडतं आणि स्क्रीनशॉटमधला बारकोड बऱ्याच यंत्रांना चालत नाही. एका फोनवर चार तिकिटं ठेवू नका, ज्याचं त्याला पाठवा. टीव्हीवरच्या वेळा ईस्टर्न, म्हणजे न्यूयॉर्कच्या, असतात: ५ लिहिलं असेल तर पसाडेनात २, डॅलसला ४. टेलगेटसाठी (सामन्याआधी पार्किंगमध्ये गाडीपाशी चालणाऱ्या खाण्यापिण्यासाठी) विमानातून प्रोपेनचा सिलिंडर नेता येत नाही, तिथेच घ्या, आणि कोळशाची शेगडी चालते का हे त्या पार्किंगच्या नियमात वाचा.

थंडीतले बाऊल, उदाहरणार्थ निळ्या टर्फवरचा बॉइझीचा पोटॅटो बाऊल, यात पाय आधी गारठतात, कारण ॲल्युमिनियम आणि काँक्रीट बुटांतून ऊब ओढून घेतात. बुटांखाली जाड पुठ्ठा आणि बसायला फोमची गादी ठेवा. मोज्यांच्या दोन जोड्या घालून बूट घट्ट होत असतील तर एकच घाला. रक्त खेळतं राहिलं नाही तर मोज्यांचा उपयोग नाही. हँड वॉर्मर आत जाण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी फोडा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी खरं तर पोटॅटो बाऊलसारख्या मधल्या दर्जाच्या बाऊलपासून सुरुवात करावी: ऑर्लॅंडोत पॉप-टार्ट्स बाऊलमधला खाता येणारा मॅस्कॉट (शुभंकर), शार्लटमध्ये जिंकलेल्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर ओतलं जाणारं मेयोनीज. तिकीट परवडतं, आदल्या दिवशीच्या पेप रॅलीत (संघाला जोश देणाऱ्या मेळाव्यात) बँड हाताच्या अंतरावर वाजतो, आणि दोन्ही संघांचे चाहते एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात.

आठवणी जपायच्या तर कागदाचं तिकीट आता जवळपास संपलं आहे, आणि ॲपमधून जुनी तिकिटं गायब होतात. सामना सुरू होण्याआधी तिकिटाच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. छापील कार्यक्रमपत्रिका पहिल्या क्वार्टरआधीच विकत घ्या, हाफटाइमला ती संपलेली असते. तिच्या आतल्या पानावर त्याच रात्री सेक्शन, रांग, हवामान, सोबत कोण होतं आणि निर्णायक खेळी कोणत्या गोलरेषेकडे झाली हे लिहा. स्कोअर कुठेही सापडतो, हे सापडत नाही.

संघ प्लेऑफमध्ये असेल तर आणखी एक हिशेब. २०२४ च्या हंगामापासून प्लेऑफला १२ संघ आहेत. पहिली फेरी विद्यापीठांच्या मैदानांवर होते आणि उपांत्यपूर्व व उपांत्य सामने रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, पीच आणि फिएस्टा या सहा बाऊलमध्ये. म्हणजे जिंकत राहिल्यास महिनाभरात तीन-चार शहरं. सगळीकडे जाणं बहुतेकांना झेपत नाही, त्यामुळे कोणत्या फेरीला जायचं हे आधीच ठरवा. उपांत्यपूर्व सामना सुरू होण्याआधीच उपांत्य सामन्याच्या शहरात रद्द करता येणारी खोली धरा. जिंकलात तर खोली हातात आहे, हरलात तर त्याच रात्री सोडून द्या.