केसांसाठी गमी (बायोटिनच्या चघळायच्या गोळ्या) घ्यायच्या आधी घरचं कळणं दळून आणा

मागच्या वर्षी डेंग्यू झाला, बरी झाले, आणि अडीच महिन्यांनी केस असे गळायला लागले की मोरीची जाळी रोज तुंबायची. मी आपली शॅम्पू बदलत बसले, तेल बदललं, सासूबाई म्हणाल्या, "तेल लाईसन काय व्हयी, पोटमा काही जाऊ दे." बरोबरच होतं त्यांचं, कारण ताप, बाळंतपण किंवा उपाशी राहून केलेलं डाएट याचा झटका केसांना दोन-तीन महिन्यांनी दिसतो आणि तोवर आपण कारणच विसरलेलो असतो.

केस म्हणजे केराटिन, म्हणजे प्रोटीनच. वजन 60 किलो असेल तर दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रोटीन लागतं आणि आपलं ताट बघा, सकाळी पोहे, दुपारी पोळी-बटाटा, रात्री खिचडी. डाळ नावालाच.

म्हणून पहिलं काम, कळण्याची भाकरी परत सुरू करा. चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे काळे उडीद, सालासकट, थोडं मीठ टाकून गिरणीतून दळून आणायचं. ज्वारीत प्रोटीन बनवणारं जे अमिनो अ‍ॅसिड कमी पडतं ते उडीद भरून काढतो आणि उडदाचं उणं ज्वारी. पीठ उडदामुळे चिकट होतं म्हणून गरम पाणी जरा जरा घालत मळा, हाताला पाणी लावून थापा, नाहीतर पहिली भाकरी तव्यावर जाईपर्यंत फाटते (माझ्या पहिल्या तिन्ही फाटल्या). वरून कच्चं शेंगदाणा तेल, ठेचा, कांदा. भरीत असलं तर काय विचारूच नका, पण नुसत्या वांग्यात प्रोटीन फारसं नसतं हे लक्षात ठेवा, त्यात शेंगदाणे सढळ हाताने टाका.

दुसरं लोह. मेथी, पोकळा, अंबाडी खा, पण लिंबू पिळून, कारण पालेभाजीतलं लोह अंगी लागायला व्हिटॅमिन सी लागतं. आणि जेवल्या जेवल्या चहा बंद, तासभर तरी थांबा, आमच्याकडे हेच सगळ्यात अवघड गेलं, जेवण झालं की यांना चहा हवाच. मूग-मटकीला मोड आणून खाल्ले तर अजून चांगलं.

अंडी चालत असतील तर खा, एका अंड्यात 6 ग्रॅम प्रोटीन मिळतं, पण उकडून, कारण कच्च्या पांढऱ्यात बायोटिन (केसांना लागणारं बी गटातलं व्हिटॅमिन) अडकवून ठेवणारं अ‍ॅव्हिडिन असतं. शुद्ध शाकाहारी असाल तर दूध-दही सोडू नका, बी12 तिथूनच येतं.

गमीचं काय? बायोटिन कमी असणं तसं दुर्मिळ, आणि त्या गोळ्यांनी थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो, टेस्टआधी डॉक्टरांना सांगा. व्हिटॅमिन ए जास्त झालं तरी उलट केस गळतात.

रोज 50 ते 100 केस जाणं नॉर्मल आहे. त्याच्या वर जात असतील, किंवा एका जागी चट्टा पडला असेल तर भाकरीवर विसंबू नका, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडच्या टेस्ट करून घ्या. माझं फेरिटिन खाली निघालं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या त्याही घेतल्या.

केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे आठ दिवसांत आरशासमोर उभं राहू नका. मला चौथ्या महिन्यात कपाळाजवळ बारीक बारीक उभे केस दिसले, वेणीत बसत नाहीत मेले, पिना लावून फिरतेय.