जुनी स्पोर्ट्स कार घेताना या चुका टाळा

जुनी पोर्शे, फेरारी किंवा बीएमडब्ल्यूची एम गाडी (त्यांची वेगवान स्पोर्ट्स मालिका) घ्यायची म्हणून सल्ला विचारायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "केवढ्यापर्यंत मिळेल?" गाडी केवढ्याला मिळते ते जाहिरातीत लिहिलेलंच असतं. ती चालती ठेवायला काय लागतं हे मात्र कुठे लिहिलेलं नसतं आणि माणसं गोत्यात येतात ती तिथे. चांगल्या गाड्या आणि चांगली माणसं दोन्ही या एका कारणाने खराब झालेली इतकी पाहिली आहेत की आता सविस्तर लिहायलाच हवं.

सगळे पैसे गाडीतच घालणं

ही सगळ्यात मोठी चूक. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, पण तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची उतरत नाही. बीएमडब्ल्यूच्या ई-60 एम-5 चं उदाहरण घ्या. 2005 च्या सुमारास आलेली ही गाडी: 5 लिटरचं व्ही-10 इंजिन, 507 हॉर्सपॉवर, 8,000 च्या पुढे जाणारे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे). आज ती नव्या किमतीच्या लहानशा हिश्शात मिळते. पण तिचा क्लच, ब्रेक डिस्क, मागचे रुंद टायर, गिअरबॉक्सचा हायड्रॉलिक पंप हे सगळं अजूनही त्याच मूळ महागड्या वर्गातलं आहे. शिवाय या इंजिनाची रॉड बेअरिंग (पिस्टनच्या दांड्यांची बेअरिंग) झिजतात हे सर्वज्ञात आहे, म्हणजे तो खर्च "आला तर" या सदरात धरायचाच नाही. ती बदललेली नसतील तर तो तुमच्याच डोक्यावर आहे. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाही.

माझी पद्धत साधी आहे. गाडी बघायला जाण्याआधी, जाहिरातीवर जीव जडण्याआधी, मी त्या मॉडेलचं काम नेहमी करणाऱ्या वर्कशॉपला फोन करतो आणि भाव विचारून कागदावर लिहितो: चार टायर, पुढच्या-मागच्या डिस्क आणि पॅड, क्लच, मोठी सर्व्हिस. मग त्याच मॉडेलच्या विम्याचा भाव, तोही स्वतःच्या वयावर आणि पत्त्यावर काढलेला. हा कागद समोर ठेवून स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: यातलं सगळ्यात मोठं काम पुढच्या महिन्यात निघालं, तर कर्ज न काढता करता येईल का? उत्तर "नाही" असेल तर एक पायरी खाली उतरायचं. रडतखडत चालवलेल्या व्ही-10 पेक्षा उत्तम राखलेली माझदाची मियाटा किंवा पोर्शेची केमन कितीतरी जास्त आनंद देते. हे ऐकून अनेकांचे चेहरे पडतात. पडू देत.

एकूण रकमेचा चौथा हिस्सा तरी मी गाडीत घालतच नाही, बाजूला ठेवतो. तो हिस्सा काढल्यावर जे उरतं, तेच गाडीचं बजेट. कर्जाचा हप्ता बसतोय म्हणजे गाडी परवडतेय, हा हिशोब मुळात चूक आहे. हप्त्यात टायर येत नाहीत.

गरम इंजिन बघून सौदा करणं

ही दुसरी चूक, आणि सगळ्यात जास्त चीड मला हिची येते, कारण ती टाळायला पैसे लागत नाहीत, फक्त एक सकाळ लागते.

ओळखीतला एक तरुण मुलगा आठ सिलिंडरची एक गाडी बघून आला आणि मला फोनवर सांगत होता. रंग सुंदर, आतलं लेदर नव्यासारखं, आवाज तर विचारूच नका. मी विचारलं, "इंजिन गार होतं का?" म्हणाला, "नाही, त्यांनी आपल्यासाठी एक फेरी मारून तयार ठेवली होती." मी सांगितलं, उद्या सकाळी परत जा, आणि मी येईपर्यंत किल्ली लावू नका असं त्यांना आधीच कळव. तर म्हणतो, "दादा, संध्याकाळी दुसरा एक जण बघायला येतोय. गाडी हातची जाईल." त्याच संध्याकाळी त्याने पूर्ण पैसे दिले. साठवलेले सगळे, वर कर्ज.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात मी गाडीच्या मागे उभा राहिलो आणि त्याने किल्ली फिरवली. इंजिनाच्या मागच्या अंगाने खडखड आली, दोन-तीन सेकंद, मग सगळं शांत. तो माझ्याकडे बघून हसत होता, त्याला ते ऐकूही आलं नव्हतं. टायमिंग चेन म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारी साखळी. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल खाली उतरतं, आणि टेन्शनर किंवा चेनला वाट देणारे गाइड झिजलेले असतील तर दाब पुन्हा येईपर्यंत चेन सैल राहून आपटते. गरम इंजिनात हे सहसा ऐकू येत नाही. म्हणूनच गरम इंजिन दाखवतात. या इंजिनात चेन गिअरबॉक्सच्या बाजूला होती, म्हणजे तिथे हात घालायचा तर आधी पूर्ण इंजिन बाहेर काढायचं. भागांपेक्षा मजुरी जास्त. मुलाजवळ दमडी उरली नव्हती. गाडी कव्हरखाली उभी राहिली, हप्ते चालूच. उभ्या उभ्या बॅटरी गेली, टायर एका जागी दबून चपटे झाले. शेवटी स्वतःची लिफ्ट असलेल्या एका माणसाने पडत्या भावाने ती नेली. ती गाडी वाईट नव्हती. त्या कामाचे पैसे जवळ असते किंवा किमतीतून वळते करून घेतले असते, तर ती आज मुलाकडे असती.

म्हणून पोचल्या पोचल्या हात आधी एक्झॉस्टच्या नळीजवळ न्या. ऊब लागली तर नम्रपणे सांगा की उद्या येतो. विकणारा कुरकुरला तर तेही उत्तरच समजा. गार इंजिन दुसऱ्याला सुरू करायला लावा आणि स्वतः मागे उभे राहा. पहिले दहा सेकंद कोणाशी बोलू नका, संगीत बंद, मोबाइल खिशात. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंड सकाळी थोडी पांढरी वाफ येणं साहजिक आहे, पण इंजिन तापल्यावरही ती येत राहिली आणि गोडसर वास आला, तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. दोन बाजूंना नळ्या असतील तर आतून बोट फिरवून बघा. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट काळी आणि तेलकट असेल तर त्या बाजूच्या सिलिंडरची चौकशी केल्याशिवाय पुढचं बोलणं नाही.

मॉडेलचा अभ्यास न करता जाणं

प्रत्येक स्पोर्ट्स कारचं एक दुखणं असतं आणि ते जगजाहीर असतं. ते माहीत नसताना तपासणी करणं म्हणजे वेळ घालवणं.

पोर्शे 911 च्या 996 आणि पहिल्या पिढीच्या 997 या मॉडेलांमध्ये, तसंच त्या काळच्या बॉक्स्टर-केमनमध्ये, इंटरमीडिएट शाफ्टचं (इंजिनातल्या मधल्या फिरत्या दांड्याचं) बेअरिंग निकामी होऊन इंजिन जाऊ शकतं. साधारण 2006 पासूनच्या इंजिनांत मोठं, जास्त टिकाऊ बेअरिंग आलं, पण ते इंजिन उघडल्याशिवाय बदलता येत नाही. 2009 च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. त्याच काळातल्या 911 टर्बो आणि जीटी-3 चं इंजिन वेगळ्या घराण्यातलं, त्यांना हा त्रास नाही. एवढी माहिती असलेला माणूस दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या किमतीत फरक का आहे ते लगेच ओळखतो. याच जुन्या इंजिनांत सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याचा आजारही आहे आणि तो फक्त बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घालून दिसतो. बाहेरून ऐकून "टॅपेटचा आवाज आहे" असं सांगणाऱ्यावर विसंबू नका.

बीएमडब्ल्यू ई-46 एम-3 असेल तर लिफ्टवर चढवून मागचा सबफ्रेम (मागची चाकं धरणारा सांगाडा) जिथे बॉडीला बसतो तिथे तडे शोधा. फेरारी 355 मध्ये टायमिंग बेल्ट (टायमिंग चेनचंच काम करणारा पट्टा) बदलायला इंजिन उतरवावं लागतं. 360 मध्ये ते काम सीटमागचं पॅनेल काढून होतं. एफ-430 पासून बेल्ट जाऊन चेन आली. तिन्ही गाड्यांचा सांभाळण्याचा खर्च त्यामुळे वेगळा. बेल्टच्या बाबतीत "चाललीच कुठे एवढी" हे उत्तर चालत नाही, तो नुसत्या किलोमीटरवर नाही, वर्षांवरही बदलायचा असतो.

कमी किलोमीटरला भुलणं

हा मोह मला कधीच कळलेला नाही. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचे ऑइल सील सुकतात, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, पेट्रोल टाकीत शिळं होतं, रबरी नळ्या कडक होतात. दर आठवड्याला चाललेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली, जाड फाइल असलेली गाडी मी उभ्या गाडीपेक्षा केव्हाही आधी घेईन. फाइल म्हणजे शिक्के मारलेलं पुस्तक नव्हे. मला बिलं लागतात, तारीख आणि किलोमीटरसकट, आणि ती मी क्रमाने लावून बघतो. मधली दोन-तीन वर्षं गायब असतील तर त्या काळात काय झालं ते विचारतो.

टायर बघायला तर अर्धा मिनिटही लागत नाही. टायरच्या कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी सहा-सात वर्षांचं रबर 500 हॉर्सपॉवरच्या गाडीला धरून ठेवत नाही. चार चाकांवर तीन कंपन्यांचे टायर दिसले तर मालकाने बाकी खर्चातही असाच हात आखडला असणार असं मी धरून चालतो, आणि सहसा तसंच निघतं. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चारही टायरची झीज जवळपास सारखी हवी, नाहीतर डिफरन्शियलवर (चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर) ताण येतो.

कॉम्प्युटरला न विचारणं

या गाड्या स्वतःची डायरी लिहितात. मॅन्युअल पोर्शेमध्ये इंजिनाने मर्यादेपलीकडे किती वेळा आणि केव्हा फेरे घेतले हे कंट्रोल युनिटमध्ये साठतं. लिमिटर (फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) अॅक्सिलरेटरने होणारा अतिरेक थांबवतो, पण चौथ्यातून पाचवा टाकायला जाऊन तिसरा पडला तर चाकंच इंजिनाला फिरवतात आणि तिथे लिमिटर काही करू शकत नाही. 997 च्या अहवालात या अतिरेकाचे सहा टप्पे असतात. वरच्या टप्प्यांत नोंदी असल्या आणि त्या अलीकडच्या असल्या तर मी मागे फिरतो. फेरारी आणि लॅम्बोर्गिनीच्या जुन्या पॅडल गिअरबॉक्समध्ये (स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलतात त्यात) क्लच किती उरलाय ते निदान यंत्रावर वाचता येतं. तो आकडा कागदावर मागा.

अजून एक युक्ती विकणारे करतात: तुम्ही येण्याआधी बॅटरीची वायर काढून किंवा स्कॅनर लावून सगळे एरर कोड पुसतात. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही म्हणून माणूस खूश. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावा आणि रेडिनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या कोणत्या तपासण्या पूर्ण केल्यात ते. बरेचसे अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी सुटली होती. कारण विचारा आणि गाडी काही दिवस चालल्यावर पुन्हा बघा.

आणखी काही, थोडक्यात

रंगाची जाडी मोजणारं यंत्र जवळ ठेवा. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉन असतो, एखाद्या पॅनेलवर आकडा अचानक दुप्पट-तिप्पट झाला की तिथे काम झालंय. स्वस्त यंत्र फक्त पोलादावर चालतं, अॅल्युमिनियमच्या बॉडीला त्यासाठीचं वेगळं घ्या. कार्बन फायबरवर तेही उपयोगी नाही, तिथे नजर आणि अनुभव.

कार्बन सिरॅमिक डिस्क बघून हुरळू नका. त्या खूप टिकतात, पण बदलायची वेळ आली की भल्याभल्यांना घाम फुटतो. त्यांची झीज वजनावर ठरते, म्हणून किती उरल्यात ते वर्कशॉपमध्ये काढून तपासून घ्या.

ट्यून केलेली (ताकद वाढवायला बदल केलेली) गाडी पहिली गाडी म्हणून घेऊ नका. मूळ भाग सोबत देत नसतील तर अजिबात नको.

तपासणी विकणाऱ्याने सुचवलेल्या वर्कशॉपमध्ये करू नका. कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो आणि किती गळतो) दोन्ही चाचण्या, लिफ्टवर खालून पाहणी, बोअरस्कोप. "एवढा खर्च कशाला, गाडी तर मस्त पळतेय" असं म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय. ज्याला तपासणीचे पैसे जड वाटतात त्याला ही गाडीच जड आहे.

टेस्ट ड्राइव्हमध्ये पहिल्या पाच मिनिटांत पूर्ण अॅक्सिलरेटर दाबणारे खूप भेटतात. त्यात गाडीबद्दल काही कळत नाही, आणि गार ऑइलवर दुसऱ्याचं इंजिन पिळणं हा असभ्यपणा आहे. आधी सावकाश चालवा. गार गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर कसा पडतो ते बघा, खड्ड्यावरून हळू नेऊन सस्पेन्शन ऐका, मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक लावून गाडी एका बाजूला ओढते का पाहा. वेग शेवटी.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल आणि गिअर ऑइल बदला, मागच्या मालकाने परवाच बदललंय म्हणाला तरी. जुना ऑइल फिल्टर फेकू देऊ नका. तो कापून आतल्या कागदाच्या घड्या उजेडात उलगडा आणि चुंबक फिरवा. चिकटणारा चुरा पोलादी भागांचा. न चिकटणारे तांबूस किंवा करडे चकचकीत कण बेअरिंगचे असू शकतात. असं काही दिसलं तर इंजिन पुन्हा सुरू करू नका, गाडी टो करून वर्कशॉपला न्या आणि तो फिल्टर पिशवीत घालून सोबत द्या.