डायलिसिसचं मशीन बेडपाशी येण्याआधी

ठाण्यात पाऊस महिनाभर झोडपून गेला, की आमच्या आयसीयूत लेप्टोचे, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे, पेशंट यायला लागतात. कळवा, मुंब्रा, दिव्याकडचे, साचलेल्या पाण्यातून कामावर गेलेले. डोळे पिवळे, प्लेटलेट घसरलेल्या, किडनी किती बसली ते सांगणारं क्रिएटिनिन पाचाच्या वर. राउंडला कोणीतरी म्हणतंच, "लावून टाकू डायलिसिस." मशीन ढकलत आणायला दहा मिनिटं पुरतात, तयारीला तास लागतो.

आजच का लावायचं, ते आधी फाइलमध्ये एका ओळीत लिहायचं. औषधांनी न उतरणारं पोटॅशियम, रक्तात वाढत चाललेलं आम्ल, लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सला दाद न देणारं फुप्फुसांतलं पाणी, यातलं काही असेल तर थांबायचं नाही. नुसतं क्रिएटिनिन वाढलंय म्हणून घाई नको. 2020 साली आलेल्या स्टार्ट-एकेआय चाचणीत (किडनी अचानक बसलेल्या पेशंटवरच्या) लवकर डायलिसिस लावून जास्त जीव वाचले नाहीत. उलट वाचलेल्यांपैकी जास्त जण 90 दिवसांनीही डायलिसिसवरच होते. गंभीर लेप्टोत मात्र फार ताणून धरत नाहीत.

कॅथेटरसाठी, म्हणजे रक्त मशीनपर्यंत नेणाऱ्या-आणणाऱ्या नळीसाठी, उजव्या मानेची शीर पहिली, मग मांडीची, कॉलरच्या हाडाखालची सबक्लेव्हियन अगदी शेवटी. टोचायचं ते सोनोग्राफीवर बघूनच. लांबी पाकिटावर वाचायची: उजव्या मानेला 15 सेंटिमीटरपर्यंत, मांडीला 24च्या आसपास. मांडीत आखूड टाकला, तर धुतलेलंच रक्त परत परत मशीनमध्ये फिरतं. मानेत घातला असेल तर एक्स-रे बघितल्याशिवाय सुरुवात नाही. कॅथेटरच्या दोन्ही बाजूंत भरून ठेवलेलं हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) ओढून फेकायचं, आत ढकलायचं नाही.

आता पोटॅशियम. किडनी बसली म्हणजे ते वाढलेलंच असणार, असं आपण धरून चालतो. लेप्टोत पुष्कळदा उलटं असतं, लघवी होत राहते आणि पोटॅशियम कमी भरतं. मागे एका पेशंटचं 3.1 होतं आणि सवयीने पोटॅशियम 2 असलेला नेहमीचा पार्ट-ए कॅन (डायलिसिसच्या द्रावणाचा) जोडला गेला, म्हणजे होतं तेही ओढलं जाऊ लागलं. तासाभरात मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे पडू लागले. निभावलं, पण तेव्हापासून ताजा रिपोर्ट आणि कॅनवरचा आकडा सिस्टर आणि टेक्निशियन एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवतात. नवीन मुलं हसतात. हसू देत.

बीपी पडणार हे धरूनच चालायचं. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची (बीपी टिकवणाऱ्या औषधाची) पुढची सिरिंज भरून ठेवायची, द्रावणातलं सोडियम 145, तापमान 35-36 अंश. रक्त नेणारी आणि आणणारी, दोन्ही लाइन एकदमच जोडायच्या, म्हणजे नळ्यांत आधी भरलेलं प्राइमचं सलाइन बादलीत न जाता पेशंटला मिळतं. पहिला काही वेळ पाणी काढायचं नाही. युरिया फार वाढलेला असेल तर पहिली खेप दोनच तासांची, रक्ताचा पंप मिनिटाला 150-200 मिलिलिटरवर, नाहीतर मेंदूला सूज येते. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन चालूच असेल तर सहा-आठ तासांचं संथ डायलिसिस बरं. लेप्टोत फुप्फुसातून रक्त येऊ शकतं, म्हणून हेपॅरिन टाळून दर अर्ध्या तासाने सलाइनचा फ्लश. ते सलाइनही चार्टवर मोजायचं, हे हमखास राहून जातं.

बेडपाशी छोटा आरओ लावला असेल, तर त्याच्या पाण्याची क्लोरीनची तपासणी दरवेळी. टँकरचं पाणी भरलं असेल तर नक्कीच. हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्हीचे रिपोर्ट हातात हवेत. बी पॉझिटिव्हला मशीन वेगळं. मेरोपेनेमसारखी अँटिबायोटिक डायलिसिसमध्ये निघून जातात, म्हणून डोसची वेळ आधीच बदलून घ्यायची.

बाहेर बसलेल्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: "एकदा लावलं की कायमचं ना?" सहीचा कागद पुढे करण्याआधी बसून सांगायचं, "ताई, बहुतेकांची किडनी काही आठवड्यांत सावरते, काहींची नाही. आत्ता हे जीव सांभाळण्यासाठी आहे."

मग परत बेडपाशी. अलार्मचा आवाज कोणी बंद करून ठेवला असेल तर चालू करायचा, बीपी एकदा बघायचं, आणि पंप 100वर सुरू.