शाब्दिक उदाहरणं सोडवताना या चुका टाळा

दहावीच्या बीजगणितात तयार समीकरण सटासट सोडवणारी मुलं शाब्दिक उदाहरण आलं की अडतात. घोळ आकडेमोडीत क्वचितच असतो. बहुतेकदा तो समीकरण मांडायच्या आधीच झालेला असतो.

वयाचं उदाहरण घ्या. ‘आईचं आजचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. १२ वर्षांनी ते मुलीच्या वयाच्या दुप्पट होईल.’ वहीत पहिली ओळ असते, ‘मुलगी = क्ष’. क्ष म्हणजे मुलीचं काय? आजचं वय की १२ वर्षांनंतरचं? ‘मुलीचे आजचे वय क्ष वर्षे मानू’ एवढं वाक्य लिहायचा कंटाळा केला की पुढे आईची १२ वर्षं वाढतात, मुलीची वाढवायची राहून जातात. ३क्ष + १२ = २क्ष, म्हणून क्ष = −१२. कोणी मुलीचीही वाढवतो, पण कंस विसरतो. ३क्ष + १२ = २क्ष + १२, म्हणजे मुलीचं वय शून्य! खरी मांडणी ३क्ष + १२ = २(क्ष + १२). मुलगी १२ वर्षांची, आई ३६. बारा वर्षांनी २४ आणि ४८, बरोबर दुप्पट.

हा ताळा नेहमी प्रश्नातल्या वाक्याशी करून पाहा, आपल्या समीकरणाशी नको. समीकरणच चुकलेलं असेल तरी त्याचं उत्तर त्यात बसणारच.

‘पहिली संख्या दुसरीच्या दुपटीपेक्षा ५ने कमी’ हे क्ष = २य − ५. घाईत २य = क्ष − ५ लिहिलं जातं. शंका आली तर आकडे घालून बघा: दुसरी १० असेल तर पहिली १५.

दोन अंकी संख्येत दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य असेल तर संख्या १०क्ष + य होते. दोन अक्षरं नुसती शेजारी लिहिली तर तो गुणाकार झाला. वेग ताशी ४० किमी आणि वेळ ९० मिनिटं असेल, तर आधी दीड तास करून घ्या, मगच गुणा.

वर्गसमीकरणात ऋण मूळ दिसलं की काट मारायची सवय मुलांना लागते. बागेची लांबी ऋण नसते, तिथे ते योग्यच. पण ‘दोन क्रमागत सम पूर्णांकांचा गुणाकार ४८’ असेल तर ६, ८ बरोबर आणि −८, −६ हेही बरोबर. प्रश्नात ‘नैसर्गिक संख्या’ म्हटलं असेल तरच दुसरी जोडी गाळा, आणि का गाळली ते एका ओळीत लिहा.