पिस्तूल हाताला बसत नाही? या चुका टाळा

गोळ्या डावीकडे खाली जायला लागल्या की नवखा माणूस आधी स्क्रू ड्रायव्हर शोधतो. मागची साइट (नेम धरायची खाच) दोन क्लिक उजवीकडे, जमलं नाही तर अजून दोन. दुसऱ्या दिवशी ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, तिसरीकडेच. मग राउंड (काडतुसं) खराब, उजेड खराब, शेवटी कोच खराब. पिस्तूल हातात बसलंय का, हे मात्र कुणी बघत नाही, कारण पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ते मस्त वाटलेलं असतं.

नेमबाज राही सरनोबतच्या गावात, म्हणजे कोल्हापुरात, पिस्तुलावर चार शब्द लिहायचे म्हणजे धाडसच. दुधाळीच्या रेंजवर या विषयात मत नसलेला माणूस सापडायचा नाही. तरीही एक गोष्ट ठामपणे सांगतो: मूठ मऊ आहे की कडक, जाड आहे की बारीक, हे नंतर बघा. तर्जनी ट्रिगरवर नेमकी कुठे पडते, हे आधी बघा. बाकीच्या बऱ्याच तक्रारी तिथूनच निघतात.

आणखी एक खुलासा. इथे बोलतोय ते सिंगल-ॲक्शन पिस्तुलांबद्दल. म्हणजे हॅमर (मागचा घोडा) आधीच ताणलेला असतो, ट्रिगरचं काम फक्त तो सोडण्याचं. जॉन ब्राउनिंगचं १९११ (हे मॉडेलचं नाव), त्यानंतरचं हाय-पॉवर, ही यातली जुनी घराणी. आपल्या लष्करातलं ९ एमएम १ए पिस्तूल म्हणजे इछापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं हाय-पॉवरच. ९ एमएम सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, पण फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या मामांच्या हाताला तीच मूठ ओळखीची असते आणि सल्लाही तेच देतात. डबल-ॲक्शनमध्ये पहिल्या फायरला ट्रिगर लांबून ओढत आणावा लागतो. सिंगल-ॲक्शनमध्ये ओढ छोटी आणि दर वेळी तेवढीच. म्हणून लहान हाताला ही पिस्तुलं सोयीची पडतात आणि म्हणूनच बोटाची जागा बारकाईने लावून घेता येते. ही संधी बहुतेक लोक वाया घालवतात.

"हातात मस्त वाटलं" यावर विश्वास ठेवणं

मूठ आवळून बघणं ही तपासणी नव्हे. खरी तपासणी अशी: मॅगझिन काढा, स्लाइड (नळीवरचा सरकता भाग) मागे ओढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने बघा आणि बोटाने चाचपा. नळी कायम सुरक्षित दिशेला. आता ज्या हाताने फायर करत नाही त्या हाताने पिस्तूल उचलून फायरच्या हातात द्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागे, जाईल तितकी वर आणि बरोबर मध्यभागी बसवा. वरून बघितलं तर नळी आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात एका रेषेत दिसले पाहिजेत. तीन बोटं गुंडाळा. मग शेवटी तर्जनी ट्रिगरवर ठेवा.

पहिल्या पेराचा फुगीर भाग ट्रिगरवर आला आणि बोट व फ्रेम यांच्यामध्ये उजेडाची बारीक फट दिसली, तर बसलं. नुसतं टोक पोचतंय तर ट्रिगर तुम्हाला लांब आहे. पेराची घडी पलीकडे जातेय तर जवळ आहे. फट दिसतच नसेल, तर ट्रिगर दाबताना बोट फ्रेमलाही ढकलणार, आणि उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या डावीकडे जाणार. साइट फिरवून हे झाकता येतं, घालवता येत नाही.

हाय-पॉवर घराण्यातल्या पिस्तुलावर ही तपासणी करताना एक गंमत होते. मॅगझिन बाहेर असलं की ट्रिगर काम करत नाही, तशी सोयच आहे त्यात. माणसाला वाटतं पिस्तूल बिघडलं. रिकामं मॅगझिन लावून ड्राय करायचं असतं, म्हणजे गोळीविना ट्रिगर दाबायचा. आणि .२२ (छोट्या बोअरचं) असेल तर ड्राय करण्याआधी त्या पिस्तुलाची माहितीपुस्तिका वाचा. .२२ मध्ये पिन काडतुसाच्या कडेवर मारते. काडतूस नसलं तर काही पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या काठावर आदळते. नकली राउंड वापरलेले बरे.

मूठ फिरवून ट्रिगर गाठणं

ही सगळ्यात महागडी चूक, आणि लहान हाताच्या मुलामुलींमध्ये हमखास दिसणारी. ट्रिगरपर्यंत बोट पोचत नाही, म्हणून मुलगी नकळत पिस्तूल हातात थोडं फिरवून घेते. बोट पोचतं. पण आता मुठीचा मागचा भाग बेचकीत नाही, अंगठ्याच्या बुडाच्या हाडावर टेकलाय. रीकॉइल (फायरचा झटका) सरळ हातात, मनगटातून खांद्याकडे जायच्या ऐवजी त्या सांध्यावर आदळतं. .२२ ला फार जाणवत नाही. .३२ सेंटरफायर (पिन काडतुसाच्या मध्यावर मारते ते) हातात आलं की दर फायरला मूठ सुटते, पुन्हा धरावी लागते, आणि प्रत्येक वेळी थोडी वेगळी धरली जाते. मोठ्या बोअरमध्ये पकड अशी सैल पडली की पिस्तूल अडकतंही. स्लाइडला मागे जायला हाताचा भक्कम आधार लागतो. तो मिळाला नाही तर रिकामं कवच बाहेर पडायच्या आधीच चिमटीत सापडतं आणि दोष मॅगझिनवर जातो.

ओळखायची खूण सोपी आहे. सराव संपल्यावर हात बघा. लाली अंगठ्याच्या मागच्या सांध्यावर असेल तर पिस्तूल फिरलेलं आहे. बेचकीत असेल तर जागेवर आहे.

"ताई, घट्ट धर" हा यावरचा सल्ला नाही. घट्ट धरल्याने बोट लांब होत नाही. ट्रिगर छोटा लावा, किंवा मुठीच्या दोन्ही बाजूच्या पट्ट्या पातळ लावा. १९११ मध्ये ट्रिगर तीन-चार लांबीचे मिळतात आणि तो सरळ मागे सरकतो, त्यामुळे बदल केला की फरक लगेच कळतो. पातळ पट्ट्या लावताना मात्र त्यांच्या मापाचे बुश (स्क्रू ज्यात बसतात ते) आणि आखूड स्क्रूच लागतात. जुनेच लांब स्क्रू कसले तर त्यांचं टोक आत येऊन मॅगझिनला घासतं, आणि बटण दाबल्यावर मॅगझिन खाली पडतच नाही. मग माणूस मॅगझिनच्या कॅचवर डोकं फोडत बसतो.

हा प्रश्न काही आजचा नाही. पहिल्या महायुद्धात १९११ वापरलेल्या अमेरिकी सैनिकांच्या तक्रारींवरून १९२० च्या दशकात १९११ए१ आलं. ट्रिगर आखूड झाला, ट्रिगरमागे फ्रेमला दोन्ही बाजूंनी खाच पडली, मुठीची पाठ सपाटची फुगीर झाली, बेचकीवर येणारा, मुठीमागच्या सेफ्टीचा कान लांबला. सगळे बदल हाताच्या मापाचे. आणि गंमत म्हणजे पुढे टार्गेट नेमबाजांपैकी पुष्कळ जण परत लांब ट्रिगर आणि सपाट पाठीकडे गेले. यात नवं-जुनं काही नसतं, हात कोणाचा हे असतं.

याच्या उलट आपल्याकडचे तालमीतले गडी. पंजा एवढा की तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत ट्रिगरमधून पलीकडे जाते, आणि उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या उजवीकडे ओढल्या जातात. त्यांना लांब ट्रिगर आणि जाड पट्ट्या. शिवाय एक सवय सोडवावी लागते: तालमीत पकड म्हणजे आवळणं. पिस्तुलात फायरच्या क्षणी सगळी बोटं एकदम आवळली की नळी खाली जाते.

पाठ फुगीर की सपाट

डोळे मिटून बघा. रिकामं पिस्तूल घेऊन टार्गेटकडे उभं राहा, डोळे मिटा, हात वर आणा, मग उघडा. पुढची साइट सतत मागच्या खाचेच्या खाली बसत असेल तर फुगीर पाठ नळी वर आणते. सतत वर येत असेल तर सपाट पाठ लावा. महिलांच्या २५ मीटर प्रकारात याला फार किंमत आहे. तीस गोळ्या प्रिसिजनच्या (सावकाश नेमाच्या), तीस रॅपिडच्या. रॅपिडमध्ये टार्गेट तीन सेकंदच समोर असतं, आणि हात खालून, ४५ अंशांवरून वर आणायचा असतो. वर आल्यावर साइट जुळवत बसायला वेळच नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत राहीनं सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात.

चावतंय म्हणून हात खाली सरकवणं

पिस्तूल चावतं, हे खरं आहे. पण कोण चावलं ते बघा. बेचकीवर दोन समांतर ओरखडे असतील तर स्लाइड घासतेय. चिमटा बसल्यासारखं रक्त साकळलं असेल तर हॅमर आणि फ्रेमच्या मध्ये कातडी सापडतेय. जुन्या हाय-पॉवरची ही जुनी खोड. मांसल हाताला जास्तच.

यावर लोक करतात काय, तर हात अर्धा बोट खाली घेतात. चावणं थांबतं, पण नळी हातापासून उंच जाते, झटका वाढतो आणि वर सांगितलेली बोटाची जागा पुन्हा बिघडते. काही जण म्हणतात सवय होईल. कोल्हापुरी चप्पल चावते, पण तेल लावून वापरली की सैल होते. फ्रेमचं लोखंड सैल होत नाही, आपली कातडीच निबर होते आणि फायरच्या आधी हात दचकायला शिकतो. १९११ ला मागचा कान लांब असलेली सेफ्टी, नाहीतर आखूड हॅमर, हाच उपाय.

सेफ्टीवर राग काढणं

१९११ च्या मुठीमागची सेफ्टी तळहाताने दाबली गेली तरच फायर होतो. अंगठा वर ठेवून उंच पकड घेतली की काहींच्या तळहातात खळगा पडतो आणि सेफ्टी अर्धवट दाबली जाते. ट्रिगर ओढला, काहीच नाही. टेप गुंडाळून ती कायमची दाबून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसापासून चार हात लांब राहा. खालच्या बाजूला उंचवटा असलेली सेफ्टी मिळते, ती तेवढ्यासाठीच असते.

शेवटच्या राउंडनंतर स्लाइड मागे अडकत नसेल, तर मॅगझिनची स्प्रिंग बदलायच्या आधी अंगठा बघा. बहुतेक वेळा तो स्लाइड-स्टॉपवर टेकलेला असतो. डावखुऱ्यांनी अंगठ्याची सेफ्टी दोन्ही बाजूंची घ्यावी, विषय संपला.

उद्यमनगरात करून घेऊ?

नाही. उद्यमनगरात लेथवर काय होत नाही असं नाही, आणि म्हणूनच हे लिहावं लागतंय. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. ट्रिगर, हॅमर, सेफ्टी, फ्रेम, यांतलं काहीही परवानाधारक गनस्मिथकडेच. शिवाय ट्रिगर बदलला की त्याचं वजन (तो ओढायला लागणारा जोर) पुन्हा तपासावं लागतं. २५ मीटर पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम लागतं, आणि स्पर्धेच्या तपासणीत वजन उचललं गेलं नाही तर समजावून सांगायला कोणी ऐकत नाही.

घरी करण्यासारखं काम लाकडाचं. .२२ च्या स्पर्धेच्या पिस्तुलाला लाकडी मूठ असते, मापं छोटी-मध्यम-मोठी अशी, आणि बहुतेक हात दोन मापांच्या मध्येच कुठेतरी असतात. सीनियरची जुनी मूठ स्वस्तात घेतली तर त्याचा हातही त्यात कोरलेला असतो, हे लक्षात ठेवा. तळहाताला रंगीत खडूची पूड चोळा, मूठ नेहमीसारखी धरा, सोडा. जिथे रंग गडद उतरला तिथे दाब जास्त. तिथे बारीक पॉलिश पेपरने थोडं घासा, पुसा, पुन्हा धरा. जिथे रंगच लागला नाही तिथे वुड पुट्टी भरायची, पण पातळ थर. पावसाळ्यात इथल्या हवेत ती लवकर वाळत नाही, ओल्यावर धरून बघितलं की बोटांचे ठसे उमटून बसतात. खालचा हील रेस्ट (तळहाताची कड टेकते तो भाग) वर ओढून हात दाबून घेऊ नका. मुठीशी त्याचा कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही आणि वर वळवलेला तर अजिबातच नाही. घासण्याचं काम सरावानंतर, हात गरम असताना करा. सकाळच्या गार हातावर बसवलेली मूठ दुपारी घट्ट होते.